खोडावे किती लागते?

भंडारा जिल्ह्यात स्वतःचे संकेतस्थळ कोणाला हवे असते, असा विचार केला तर डोळ्यांसमोर येणारी बहुतेक माणसे आणि संस्था लहानच असतात. भंडारा शहरातले पितळी भांड्यांचे व्यापारी, मोहाडी-आंधळगावकडचे टसर विणकर, भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ थेट ग्राहकाला विकू पाहणारे शेतकरी गट, कोका अभयारण्याच्या वाटेवर दोन-तीन खोल्या भाड्याने देणारे एखादे कुटुंब, लाखनीची पतसंस्था, लाखांदूरकडची शाळा, पवनीचे वाचनालय. यांना संकेतस्थळावर टाकायचे तरी काय असते? नाव, पत्ता, फोन, कामाच्या वेळा, दरपत्रक, सात-आठ फोटो आणि दोन परिच्छेद माहिती. कोणी लॉगिन करणार नाही, कोणी पैसे भरणार नाही, कोणाला आपली खरेदी टोपलीत टाकायची नाही. पाच-सहा पानांत सगळे आटोपते. ही पुस्तिका अशा पानांसाठी आहे. ती पाने उभी करताना सीएसएसचे कोणते फ्रेमवर्क घ्यावे, आणि घ्यावे तर किती, एवढाच तिचा विषय. विषय किरकोळ वाटेल. पण लहान संकेतस्थळे बंद पडतात, अर्धवट राहतात किंवा फोनवर वाचता येत नाहीत, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा अगदी सुरुवातीला फारसा विचार न करता घेतलेला हाच निर्णय असतो.

आधी थोडा इतिहास, कारण आजची सवय त्यातूनच आली आहे. पानाचा मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे ठेवावे, ही सीएसएसची कल्पना होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिले प्रमाण जाहीर झाले. पुढची पंधरा वर्षे ब्राउझर आपापल्या परीने त्याचा अर्थ लावत राहिले. एकच पान एका ठिकाणी नीट दिसे आणि दुसऱ्या ठिकाणी विस्कटे. दोन रकाने शेजारी-शेजारी उभे करणे हीसुद्धा कसरत होती. अशा काळात, ऑगस्ट २०११ मध्ये, ट्विटरमधल्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप खुले केले. रकान्यांची जाळी, एकसारखी बटणे, बऱ्यापैकी देखणे फॉर्म, आणि सगळे ब्राउझर सांभाळून घेतलेले. त्या वेळी बूटस्ट्रॅप घेणे हाच शहाणपणा होता, यात शंका नाही. आज संगणक वर्गांतून आणि व्हिडिओंतून शिकून आलेला मुलगाही पहिल्याच ओळीत तेच जोडतो. त्यालाही दोष देता येत नाही, कारण नमुने सगळे तसेच मिळतात. बदलली आहे ती परिस्थिती. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांनीही ग्रिडची सोय अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने आणली. ज्या जाळीसाठी आख्खे फ्रेमवर्क घ्यावे लागे, ती आता ब्राउझरमध्येच तीन ओळींत मिळते. गरज संपली तरी सवय मागे राहिली, असा हा प्रकार आहे.

सवयीची किंमत मोजायची तर प्रथम आकडे पाहावेत. बूटस्ट्रॅपच्या पाचव्या पिढीतली सीएसएसची फाइल आटोपशीर करूनही सुमारे २३० किलोबाइट भरते. सर्व्हरने दाबून पाठवली की तीसेक. लहान फ्रेमवर्कपैकी पिको दाबून दहा-बारा किलोबाइट होते, याहूने २०१३ मध्ये खुले केलेले प्युअर चारच्या आत राहते आणि मिलिग्रॅम दोनच्या आसपास. ही तफावत लक्षात घ्यावी, पण तिच्यावर फार विसंबू नये. लगेच कोणी म्हणेल की फोनने काढलेला टसर साडीचा एकच फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो, मग वीस-पंचवीस किलोबाइट वाचवून काय साधणार? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच या पुस्तिकेत फोटो लहान करण्याचे प्रकरण फ्रेमवर्कच्या आधी यायला हवे. तरीही दोन्ही ओझी सारखी नाहीत. फोटो हळूहळू उतरला तरी मजकूर तोवर वाचता येतो. सीएसएस मात्र पूर्ण उतरेपर्यंत ब्राउझर पान रंगवायलाच घेत नाही; वाचणाऱ्यापुढे पांढरा पडदा असतो. २०१३ पासूनच्या नियमानुसार सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण दहा पाकिटे, म्हणजे १४ किलोबाइटच्या आसपास माल पाठवतो आणि पोच मिळाल्यावर पुढचा सोडतो. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, त्यामुळे मराठी मजकूर मुळातच जड. दाबल्यावर तो बराच आवरतो एवढेच. दोन-चार किलोबाइटची सीएसएस असेल तर ती पानातच लिहून टाकता येते आणि मजकूर व रूप दोन्ही त्या पहिल्याच फेरीत पोचतात. जंगलपट्ट्यात रेंजची एखादी काडी असलेल्या फोनवर हा फरक जाणवतो. भंडारा शहरात वायफायवर बसून संकेतस्थळ बनवणाऱ्याला तो दिसणार नाही.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि अजून ऐकू येतो: बूटस्ट्रॅप सगळेच वापरतात, सीडीएनवरून, म्हणजे सगळ्यांना सामाईक असलेल्या सर्व्हरवरून, जोडले की ते वाचकाच्या फोनमध्ये आधीच साठवलेले असते, म्हणजे पडले फुकटच. एकेकाळी यात तथ्य होते. पण एका संकेतस्थळाने साठवलेल्या फाइली दुसऱ्याला दिसू लागल्या तर माणूस कुठे-कुठे फिरून आला याचा माग काढता येतो, म्हणून ब्राउझरांनी ही साठवण संकेतस्थळागणिक वेगळी केली. सफारीत हे आधीपासूनच होते. क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये तसे केले. आता प्रत्येक नव्या संकेतस्थळासाठी तीच फाइल नव्याने उतरते. दुसऱ्याच पत्त्यावरच्या सर्व्हरकडे जाण्याचा खर्च होतो तो निराळाच.

एवढे सगळे सांगूनही, किलोबाइट हे हलकेपणाचे खरे माप नाही. खरे माप असे: फ्रेमवर्क जोडल्यानंतर आपल्याला त्यातले किती खोडावे लागते, आणि आपल्यानंतर पान सांभाळणाऱ्याला किती वाचावे लागते. दोन किलोबाइटचे फ्रेमवर्कही या मापाने जड ठरू शकते. मराठी पानाच्या बाबतीत तर हे फार लवकर दिसून येते, कारण ही सगळी फ्रेमवर्क रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली आहेत.

उदाहरणासाठी पवनीचे एक पान घेऊ. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. यावर एखाद्या वाचनालयाने चार परिच्छेद, दोन फोटो, एक कालपट आणि खाली ‘चौकशी करा’ असे बटण एवढे पान केले, असे समजा. आता त्याला मिलिग्रॅम किंवा स्केलेटन जोडून पाहावे. दोन्ही नावाजलेली, दोन्ही खरोखर लहान, रोमनमध्ये दोन्ही देखणी. दोघांचेही बटण अकरा पिक्सेलच्या अक्षरात, सगळी अक्षरे मोठ्या लिपीत आणि अक्षरांमध्ये एक पिक्सेल फट ठेवून येते. देवनागरीला मोठी-लहान लिपी नाही, तेव्हा ती सूचना वाया जाते. ती फट मात्र वाया जात नाही. ‘चौकशी’ची शिरोरेषा चौ, क, शी अशा तीन तुकड्यांत तुटते आणि अकरा पिक्सेलमध्ये काना-मात्रा एकमेकांत मिसळतात. मथळ्यांना दोघांनीही उलटी युक्ती लावली आहे. अक्षरे एकमेकांकडे ओढून घेतली आहेत. रोमनमध्ये मोठा मथळा त्याने आवळल्यासारखा छान दिसतो, देवनागरीत शेजारची अक्षरे एकमेकांवर चढू लागतात. मिलिग्रॅममध्ये तर साध्या मजकुरालाही किंचित फट आहे आणि अक्षराची जाडी हलकी ठेवलेली आहे; पिवळसर उन्हात फोन धरून वाचणाऱ्याची त्यात पंचाईत होते.

ओळींमधल्या अंतराची अडचण याहून मोठी. रोमन अक्षराला वर-खाली फारसे काही लागत नाही. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटे. ‘जगन्नाथ टेकडीवरील स्तूप: पुरातत्त्व सर्वेक्षणाचे उत्खनन’ हा मथळा फोनवर दोन-तीन ओळींत मोडणार, हे उघड आहे. मथळ्यांसाठी बहुतेक फ्रेमवर्कमध्ये असते तसे १.२ पटीचे अंतर ठेवले तर ‘स्तू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘र्वे’च्या रफाराला जाऊन टेकण्याची वेळ येते. बटणाची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधलेली असेल तर तिथेही वरचे किंवा खालचे काहीतरी कापले जाते. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की बूटस्ट्रॅप या बाबतीत त्या दोन चिमुकल्या फ्रेमवर्कपेक्षा बरे आहे. ते अक्षरांमध्ये फट घालत नाही, मजकुराचे अंतर दीडपट ठेवते. फक्त मथळ्यांचे १.२ सुधारावे लागते. म्हणजे आकाराने कितीतरी पट लहान असलेले फ्रेमवर्क देवनागरीला जास्त जाचक आणि मोठे कमी जाचक, असेही होते. म्हणूनच निव्वळ किलोबाइटची तुलना करणारी कोष्टके मराठी माणसाच्या फारशी उपयोगाची नाहीत.

फॉन्टबद्दल थोडक्यात. अँड्रॉइडमध्ये नोटो सॅन्स देवनागरी आणि विंडोजमध्ये निर्मला यूआय आधीच बसलेले असतात. त्यांच्यावर भागवले तर एक बाइटही उतरवावा लागत नाही. एक टाइप संस्थेचे मुक्त किंवा बलू सुरेख आहेत, पण देवनागरी फॉन्टची एकेक जाडी फ्रेमवर्कच्या कितीतरी पट भरते. दोन किलोबाइटचे फ्रेमवर्क मिरवायचे आणि चार जाड्यांचा फॉन्ट मागवायचा, यात काही अर्थ नाही. फार तर नावाच्या पाटीपुरती एक जाडी घ्यावी. आणखी एक बारीक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. नमुन्याच्या पानात पहिल्याच ओळीत भाषा म्हणून ‘ईएन’ लिहिलेले असते आणि ते जसेच्या तसे उचलले जाते. तिथे ‘एमआर’ लिहिल्याशिवाय दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर पानाला इंग्रजी समजतो, आणि ज्या फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली आहेत तेही हिंदी वळणेच दाखवत राहतात. यात फ्रेमवर्कचा काही दोष नाही. दोष आंधळेपणाने नमुना उचलण्याचा आहे, आणि जितका नमुना मोठा तितके न वाचता उचलणे जास्त.

इथून मापाचा दुसरा भाग सुरू होतो: पान सांभाळणार कोण? पतसंस्थेचे संकेतस्थळ करणारा तरुण वर्ष-दोन वर्षांत नोकरीसाठी नागपूर-पुण्याला जातो. मग व्याजदर बदलायची वेळ येते आणि फाइल उघडणारा असतो संस्थेचाच एखादा लिपिक. त्याच्यापुढे काय येते ते पाहावे. बूटस्ट्रॅपमध्ये एका साध्या चौकोनासाठी चार-पाच वर्गनावांची माळ, एकात एक तीन डबे. आणि ही नावे स्थिरही नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये चौथी पिढी आली तेव्हा ‘पॅनेल’चे ‘कार्ड’ झाले आणि ग्लिफायकॉन ही चिन्हे गेली. मे २०२१ मध्ये पाचवी आली, जेक्वेरी या आणखी एका साधनाची गरज संपली ही चांगली गोष्ट, पण डावी-उजवी बाजू सांगणारी वर्गनावे बदलली आणि ‘डेटा-टॉगल’चे ‘डेटा-बीएस-टॉगल’ झाले. जुन्या नमुन्यातून उचललेले मेनूचे बटण नव्या फाइलसोबत जोडले की ते दिसते झकास, दाबल्यावर उघडत मात्र नाही. चूक कुठे आहे हे सांगणारा संदेशही येत नाही. मोठ्या कंपनीत हे बदल सांभाळायला माणसे असतात. त्यांच्यासाठीच ते केलेले असतात.

याउलट पिको, सिंपल किंवा वॉटर अशा फ्रेमवर्कमध्ये वर्गनावे जवळजवळ नसतातच. मथळा मथळा म्हणून लिहायचा, तक्ता तक्ता म्हणून, यादी यादी म्हणून; रूप आपोआप चढते. लिपिकाला व्याजदराच्या तक्त्यात फक्त तक्ताच दिसतो. उद्या हे फ्रेमवर्क काढून दुसरे लावले तरी पानाला हात लावावा लागत नाही. मजकूर आणि रूप वेगळे ठेवण्याची १९९४ ची मूळ कल्पना खरे तर हीच होती. यांच्यातही एक खोच आहे. ती फोनची पसंती पाहून पान आपोआप काळ्या पार्श्वभूमीवर नेतात. पांढरा कागद मागे धरून काढलेले पितळी लोट्यांचे फोटो त्या काळ्यावर डोळ्यांत खुपतात. दुकानदाराने आपल्या पानापुरता उजळ रंग कायम ठेवलेला बरा.

टेलविंडचे चाहते इथे थांबवतील. ॲडम वॉदन यांनी २०१७ मध्ये आणलेले हे फ्रेमवर्क पानात प्रत्यक्ष वापरलेलेच नियम फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे शेवटी मिळणारी सीएसएस खूप लहान असते, कित्येकदा पिकोहूनही. हे खरे आहे. रोज तेच काम करणाऱ्याच्या हाती ते वेगवान अवजार आहे हेही खरे. पण ती लहान फाइल तयार होण्यासाठी संगणकावर एक अवजारपेटी बसवावी लागते, आज्ञा चालवावी लागते, आणि पुढच्या प्रत्येक बदलाला ती पुन्हा चालवावी लागते. पानात तर प्रत्येक परिच्छेदाला सात-आठ सांकेतिक शब्द चिकटलेले असतात. लिपिकाच्या संगणकावर नोटपॅड आहे, ती पेटी नाही. वाचकापर्यंत पोचणारे ओझे कमी करून सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर ते चढवणे, हा सौदा लहान संस्थेला परवडत नाही.

सर्वांत तगडा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो: ब्राउझर इतके सुधारले असतील तर फ्रेमवर्क हवेच कशाला? स्वतःच पन्नास ओळी लिहा. एकाच पानाची जाहिरात असेल तर मी याला लगेच हो म्हणेन. पण पन्नास ओळी लिहिणारा ज्या गोष्टी हमखास विसरतो त्या पाहाव्यात. कीबोर्डने फिरणाऱ्याला आपण कोणत्या दुव्यावर आहोत हे दिसणे, फॉर्ममधल्या रिकाम्या चौकटीची कडा, चुकीची माहिती भरल्यावरचे रूप, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात सुगमतेच्या निकषानुसार लागणारा ४.५ पट उठाव, लांब तक्ता फोनवर न फुटणे. या कंटाळवाण्या गोष्टी कोणीतरी एकदा बसून नीट केलेल्या असतात, आणि आपण फ्रेमवर्क घेतो ते याच्यासाठी. भंडारा जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस३वास सेवेवर चालते. देशभरातल्या शेकडो जिल्ह्यांना तोच साचा मिळतो, तो याच विचाराने: सुरक्षितता आणि सुगमता एकदाच साधावी, प्रत्येक जिल्ह्याने नव्याने धडपडू नये. शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. खासगी लहान संस्थांना ती बंधनकारक नाहीत, पण तपासणीची यादी म्हणून ती हाताशी ठेवायला कोणाची हरकत नसावी. तो भारदस्त साचा मात्र उसना घेऊ नये. त्याच्यामागे माणसांची फौज आहे आणि वाचनालयामागे नाही.

लहान फ्रेमवर्कचे काम मध्येच थांबते, ही भीतीही बोलून दाखवली जाते. स्केलेटनची शेवटची आवृत्ती २०१४ ची आहे. मला स्वतःला यात फारसे भिण्यासारखे वाटत नाही. सीएसएसचा जुना नियम ब्राउझर मोडत नाहीत. १९९६ मधले नियम आजही चालतात. चारशे ओळींची फाइल आपल्याच सर्व्हरवर उतरवून ठेवली की तिच्या कर्त्याने काम सोडले काय आणि चालू ठेवले काय, आपल्या पानाला फरक पडत नाही. फरक पडतो तो दर काही वर्षांनी नावे बदलणाऱ्या मोठ्या फ्रेमवर्कमध्ये. स्केलेटन मी सुचवत नाही ते त्याच्या वयामुळे नव्हे, देवनागरीत खोडावे लागते त्यामुळे.

तेव्हा पुढच्या प्रकरणांत पायाभूत मानले आहे ते एवढेच: वर्गनावांशिवाय चालणारे एक फ्रेमवर्क, आपल्या सर्व्हरवर ठेवलेले, मेनू आणि रकान्यांची जरा जास्त गरज असेल तर प्युअर, आणि त्याखाली देवनागरीसाठी आपल्या हाताने लिहिलेल्या दहा-पंधरा ओळी. मजकुराला १.७ च्या आसपास आणि मथळ्यांना १.४ च्या आसपास अंतर, अक्षरांमधली फट सगळीकडे शून्य, बटणाचे अक्षर मजकुराएवढेच, उंची ठरावीक न ठेवता आतली मोकळी जागा वाढवलेली. निवड पक्की करण्यापूर्वी आपलेच एक खरे पान जोडून पाहावे, नमुन्याचा लॅटिन मजकूर नव्हे, आणि ते आपल्या घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर उघडावे. देवनागरीसाठीच्या या ओळी पंचवीसच्या वर जाऊ लागल्या तर फ्रेमवर्क चुकले असे समजून दुसरे पाहावे. हे सगळे साध्या पानांपुरते आहे. कोक्याच्या वाटेवरच्या त्या कुटुंबाला उद्या खोल्यांचे ऑनलाइन आरक्षण, तारखांची दिनदर्शिका आणि पैसे भरण्याची सोय हवी झाली, तर ते काम या पुस्तिकेच्या बाहेरचे आहे. तेव्हा बूटस्ट्रॅपची तयार खिडक्या-पडद्यांची सामग्री खुशाल घ्यावी, आणि ते सांभाळायला माणूसही ठेवावा.